बेताचं आजारपण

बाथरूममध्येच घसरले म्हणते ना मी — आता कोपराला खडी लागलीय तर लागलीय, आमच्या बाथरूममध्ये असते खडी, अख्खी वाशीच भराव टाकून उभी केलीय, कुठून काय वर येईल सांगता येतं का? तुम्ही आपलं पुसा. आणि ते औषध जरा बेताबेतानं — हं — झोंबतंय हो. पण डॉक्टर, मी ह्या कोपरासाठी आलेच नव्हते. कोपर वाटेत झालं. म्हणजे बाथरूमच्या वाटेत. मी आलेय सर्टिफिकेटसाठी. आणि ते कसं हवं ते नीट ऐकून घ्या, कारण मला थोडंच आजारी व्हायचंय. फार नाही. बेताचं.

असं बघू नका, सांगते. तुम्ही ह्यांना तपासायला घरी यायचात तेव्हा मुलं तिकडेच होती, त्यामुळे तुमची त्यांची गाठ नाही. जयप्रकाश अमेरिकेत, सुमेधा इंग्लंडमध्ये. ह्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि दोघांच्याही एकदम डोक्यात आलं — आई एकटी आहे. एकटी म्हणजे काय? वर अरुणावहिनी आहेत, समोर जोशी आहेत, सोसायटीची पाण्याची टाकी भरली की सगळा जिना ओरडतो, एकटं राहायला वेळ कुठे मिळतो? पण नाही. जयप्रकाशचा अरुणावहिनींकडे ट्रंककॉल — आई, तू इकडे ये, कायमची. पेपर करतो. आणि मग विचारलं, तब्येत कशी आहे?

आता तुम्हीच सांगा, ह्याला आपल्यात काय उत्तर देतात? 'आहे आपली.' देतात ना? 'चाललंय.' कुठली बाई 'मी अगदी उत्तम आहे हो' असं सांगते? सांगितलं तर ऐकणारा घाबरेल, आणि दृष्ट लागेल ती वेगळीच. माझी आई नव्वदीला पोचेपर्यंत 'आता काही खरं नाही' म्हणत होती, आणि म्हणता म्हणता आमसुलं वाळवत होती. तसं मीही म्हटलं — आहे आपली. तर हा फोनवर एकदम घाबरला. कारण हा तिकडे राहून बिघडलाय, डॉक्टर. तिकडे म्हणे सलाईन लावलेला माणूससुद्धा 'फाइन' म्हणतो. मग एखादी 'आहे आपली' म्हणाली की त्यांच्या हिशेबी ती गेल्यातच जमा. काय होतंय, कधीपासून होतंय, नीट सांग — सारखं तेच. मी म्हटलं, तुला कशाला रे एवढी चौकशी? तेव्हा त्यानं विम्याचं सांगितलं.

ते मला आधी कळलंच नाही. मला वाटलं विमा म्हणजे मेल्यावरचा. तर हा वेगळा. तिकडे म्हणे सरकार म्हाताऱ्यांचं बघतं, नाही असं नाही, पण पासष्ट पुरी व्हायला हवीत, आणि माझ्यासारखी बाहेरून आलेली असेल तर वर पाच वर्षं तिथे मुरायला हवी. लोणचं. तोवर खासगी कंपनीचा हप्ता भरायचा. ह्याच्या ऑफिसच्या विम्यात बायको येते, मुलं येतात, आई येत नाही — तिकडे आई कुटुंबात धरत नाहीत, हे मी सूनबाईंना मुद्दाम दोनदा विचारून घेतलं. आणि खासगीवाला काय म्हणतो? आधीपासून असलेला आजार आम्ही धरणार नाही. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला छत्री द्यायची आणि भिजलेला दिसला की दार लावून घ्यायचं. मला तर जायचंच नव्हतं, मला आवडलं हे. खरंच आवडलं. दार आपोआप लागत होतं, मी नुसतं बाहेरून जरा ओढलं.

म्हणजे काय विचारताय? सांगितले आजार. धाप लागते. दोन उशा घेतल्याशिवाय पाठ टेकवत नाही. डावा पाय संध्याकाळी सुजतो, बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. मिठाचा पापडसुद्धा बंद. पाण्याची गोळी सकाळी, कारण रात्री घेतली तर झोपमोड होते. छातीत दुखत नाही, नुसतं कोणीतरी — कोणीतरी पाट ठेवून बसल्यासारखं वाटतं.

हसू नका. हसताय म्हणजे ओळखलंत. ओळखणारच, तुम्हीच गोळ्या द्यायचात. हो, ह्यांचेच आजार आहेत ते. मग? त्यांचे शर्ट मी बेलापूरहून येणाऱ्या आमच्या वॉचमनला दिले, चष्मा कुणाला तरी लागला, स्वेटर सुमेधा घेऊन गेली — आजार तेवढे घरात पडून होते. कुणी नेत नव्हतं. आणि मला पाठ आहेत. मी नवीन आजार कुठून आणणार होते, मला साधी सर्दीसुद्धा नीट होत नाही.

तर ते असं छान चाललं होतं. जयप्रकाशच्या विमावाल्यानं हात वर केले. आणि मग ह्या शहाण्यानं काय करावं? बहिणीला फोन. आणि सुमेधा म्हणते, अरे मग आईला माझ्याकडेच पाठव, आमच्याकडे कुठे विमा लागतो? इंग्लंडमध्ये म्हणे सरकारचंच सगळं. भागातल्या डॉक्टरकडे नाव घालायचं, झालं. आधीचा आजार, नंतरचा आजार, कोण विचारत नाही. उलट जितकी आजारी तितकी हक्काची. घ्या. जे अमेरिकेचं कुलूप तीच इंग्लंडची किल्ली. मी म्हटलं, बाई गं, मग मी महिनाभर पाहुणी म्हणून येते, तर म्हणे नाही आई, पाहुण्याला तिथे अगदी अपघात झाला तरच बघतात, बाकीचं बिल होतं. फुकट हवं तर कायमचं राहायला यायचं. आणि कायमचं यायचं तर इथे तुझं कोणी नाही, तू आमच्यावरच अवलंबून आहेस असं दाखवायला हवं. म्हणजे घर विकायचं. गिऱ्हाईकसुद्धा बघतेय ती तिकडे बसून.

आता आली लक्षात माझी अडचण? बरी झाले तर मुलगा नेतो. आजारी पडले तर मुलगी नेते. म्हणून मला सर्टिफिकेट हवंय मधलं — खासगीवाला घेणार नाही इतकी आजारी, पण सरकारी इस्पितळाची गरज लागणार नाही इतकी बरी. आहे का असं काही? तुमच्या पुस्तकात बघा ना. गुडघे चालतील? गुडघे सगळ्यांचेच — बरं, विमान? विमानात बसल्यावर कानात काहीतरी होतं असा काही रोग नाही का? दोन्हीकडे विमानानंच जावं लागतं. बघा, कान चालेल.

ह्यांचं कामगार विम्याचं कार्ड होतं तेव्हा असलं काही डोकं लावावं लागलं नाही. कारखान्यात पगारातून कापायचे, दवाखाना ठरलेला, इस्पितळ ठरलेलं, बायकोमुलं सगळी त्यात. रांग लावायची, शिव्या द्यायच्या, औषध घ्यायचं. ते गेले आणि कार्डही गेलं. पण कार्डाला मी नाव ठेवणार नाही. ते गेले त्या दिवशीही कार्ड होतंच की. पिशवीत होतं, माझ्या हातात. इस्पितळात खाटही होती म्हणाले नंतर. फक्त मधला रस्ता — तुम्हाला माहीत आहेत ना आमच्याकडचे रस्ते, एवढे रुंद, एवढे सरळ, आणि भर दुपारी त्यावर एक रिक्षा नाही. मी कोपऱ्यापर्यंत जायची, परत यायची. आणि जिन्याखाली ह्यांची लूना उभी. चावी खिळ्याला. मला चालवता येत नव्हती.

नाही, पाणी नको.

मला ते खासगी आणि सरकारी दोन्ही आता समजलंय, डॉक्टर, चांगलं समजलंय. अमेरिकेत हप्ता भरा, इंग्लंडमध्ये नाव घाला. पण घरापासून इस्पितळाच्या दारापर्यंत कोण नेतं ते कुणीच सांगत नाही. तो भाग प्रत्येकानं आपला आपण — जाऊ दे.

कोपराचं काय आता? सांगितलं ना, बाथ — अहो, खडीच आहे ती. बरं. बरं, रस्त्यावरची आहे. बोनकोड्याच्या वळणावरची. झालं समाधान? शिकले मी लूना. चांगली चालवते. ह्या गावात शिकण्यासारखं सोपं काही नाही, आपटायला समोर कुणी येतच नाही. बोनकोड्याला मासेवाल्या बयाबाईकडे जाते, खाडीच्या निवट्या घेऊन येते, आणि येताना अरुणावहिनींची गिरणीची पिशवी पुढे ठेवून आणते. आज वळणावर म्हैस बसली होती. ती उठेना, मी थांबेना. तिला काही लागलं नाही.

हे कुणाला बोलू नका. धापेची पेशंट लूनावर दिसली तर — काय? कुणाचा फोन? जयप्रकाशचा? इथे, दवाखान्यात? सकाळी? आणि तुम्ही हे इतका वेळ मला बोलू दिलंत. आयोडीन लावत बसलात. काय सांगितलंत त्याला?

ठणठणीत?

असंच? ह्याच शब्दात? अहो, कुणी असं सांगतं का, अंगावर थुंकी तरी टाकायची. एवढे शिकलात आणि — आता येईल तिकीट. विमावाला हसत दार उघडेल. आणखी काय सांगितलंत? लूनाचंही? तुम्हाला काय माहीत लूनाचं — रोज दिसते म्हणता? हो, दवाखाना रस्त्यावरच आहे तुमचा. बरं मग? रागावला? नाही? मग काय म्हणाला? नीट सांगा, त्याच्या शब्दात सांगा.

'बाबांची लूना?' असं म्हणाला.

आणि?

'ब्रेक बघून घे म्हणावं.' एवढंच? तिकिटाचं काही नाही, पेपरचं नाही? ब्रेक बघून घे. हं. ज्या बाईला पुढच्या महिन्यात न्यायची तिला कुणी ब्रेक दुरुस्त करायला सांगत नाही, नाही का डॉक्टर? म्हणजे मला तरी तसंच वाटतं. तुम्हालाही? बघा.

तर ते सर्टिफिकेट राहू द्या. आणि हे बघा, आता सुमेधाचा फोन येईल, भाऊ सांगणारच तिला. तिला 'ठणठणीत' म्हणू नका, एकदा लागली तेवढी दृष्ट पुरे. आजारीही म्हणू नका, लगेच घर विकेल. विचारलं तर म्हणा, 'आहे आपली.' ती इंग्लंडला राहते पण तिला कळतं अजून.

फी घ्या. घ्या, कार्ड नाही आता माझं. आणि तुम्ही कुठे निघालात माझ्यामागे? दारात उभे राहू नका हो, आत जा, पेशंट खोळंबलेत — कुणी बघत असलं की लूनावर माझा तोल जातो.