बाईंचं धुकं

— नाही नाही, बसा ना साहेब, त्याच खुर्चीत बसा, बाईंची आहे, पण बाई आज रजेवर आहेत. काय विचारत होतात, हुशार आहेत का? आहेत की! कोण नाही म्हणतंय? मुख्यालयातून तुम्ही एवढ्या लांब त्यांच्या गौरवाच्या शिफारशीची चौकशी करायला आलात, ते काय उगाच? हा भिंतीवरचा नकाशा बघा — आपला विमानतळ, हे दोन डोंगर, मधे खिंड, खिंडीमागे तळं. रात्र निरभ्र गेली, वारा पडला, आणि सकाळी तळ्याकडून जरा झुळूक सुटली, की धुकं खिंडीतून जे घरंगळतं ते थेट धावपट्टीवर. बारा मिनिटांत. लढाऊ विमान उतरवणाऱ्याला बारा मिनिटं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. सुरेख काढलाय नकाशा, नाही? बाईंनीच काढला. वैमानिक या धुक्याला ‘बाईंचं धुकं’ म्हणतात. बाईंचं! बाईंना हवामान अधिकारी म्हणून इथे येऊन दीड वर्ष झालं, साहेब, आणि मी सव्वीस वर्षं याच हवामान कचेरीत निरीक्षक आहे. ती बारा मिनिटं मोजली कुणी? मी. सायकल हाणत खिंडीपर्यंत जायचो. मेव्हणा म्हणायचा, भावोजी, ताईच्या मागे तरी कधी इतके लागला होतात का! — आणि पहिल्याच आठवड्यात बाईंना तिथे नेलं तेही मीच. मी नुसतं सांगत आलो, त्यांनी लिहून काढलं, एवढाच काय तो फरक. नाव आहे हो माझं, नाही कशाला म्हणू, तळाला बघा — ‘वरिष्ठ निरीक्षकांच्या अनुभवावरून’. मुंगीएवढ्या अक्षरांत. चष्मा लावा, दिसेल.

त्या सकाळचं? त्या सकाळचं काय, अहवालात आहे ना सगळं. बाईंचा अंदाज होता, नऊपर्यंत आकाश साफ. दोन विमानं वर गेलेली. मी सहा चाळीसला गच्चीवर, तापमान घेत होतो. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक मरगळून लोंबत होता, तो हळूच फिरला — आणि खिंडीत पांढरं. खाली यायला सतरा पायऱ्या, फोन दाराशीच. मी — मी वहीत नोंद केली. नियमाप्रमाणे. म्हटलं, त्यांचं धुकं आहे ना, मग त्यांनाच कळू दे. दोन मिनिटं, साहेब. फार तर तीन. — सहा. सहा मिनिटं झाली. शेवटी बाई आपणहून खिडकीशी गेल्या आणि टॉवरला फोनवर ओरडल्याच. एक विमान उतरलं. दुसऱ्याला खाली काही दिसेना, त्याला शेजारच्या तळाकडे वळवलं. उतरला तेव्हा चार मिनिटांचं इंधन उरलं होतं. चार. त्याची बायको पुढच्या आठवड्यात पेढ्यांचा पुडा घेऊन नाही — मुलाचा हात धरून आली होती बाईंचे आभार मानायला. मी दार उघडलं. मलाही नमस्कार केला तिनं.

बाईंना? त्यांना सांगायची गरजच पडली नाही. दुपारी वही उघडली, माझ्या नोंदीवर बोट ठेवलं, वर बघितलं. मी म्हटलं, बोला ना. तर म्हणाल्या, ‘दादा, चहा घेता?’ बस्स! अहवालात चकार शब्द नाही. अहो, खेकसल्या असत्या, इथल्या मोठ्या साहेबांपुढे उभं केलं असतं, तर मलाही दोन शब्द सुनावता आले असते! धुकं नेलं ते नेलं, वर मोठेपणाही त्यांचाच? आता रोज विचारतात, ‘दादा, वरून काय दिसतंय?’ टोमणा? छे, टोमणा असता तर झोप तरी लागली असती.

— तुम्ही काय लिहिताय? मी बाईंबद्दल बोलत होतो, साहेब. ते पान... ते तेवढं पान फाडाल — नाही? अं. बरोबर आहे तुमचं.

लिहा. आणि निघा आता तुम्ही, मला नऊचं रीडिंग घ्यायचंय.