सशांचा खुराक आन् माझी भाकर

...आन् वर मलाच म्हणती, "बाबा, खुराकाला हात लावायचा न्हाय!" शेड माझं, लसूणघासाचा चारा माझ्या रानातला, आन् बारा सशांना मूठभर टाकायची मुभा मला न्हाय?

तुम्हाला सांगतो, आमची पोरगी शिवांजली जनावरांच्या डॉक्टरकीत लई पुढं शिकती. कॉलेजच्या शेडचे पत्रे बदलायला काढले, म्हणून सरांना विचारून प्रयोगाचे ससे इकडं गावाला, भूमला आणले, आमच्या शेळ्यांच्या शेडात. प्रयोग काय, तर किती खाल्लं आन् कवा खाल्लं ह्यानं रक्तात काय फरक पडतो. सहा सशांना पोटभर, सहांना निम्मं. त्यातबी काहींना सकाळी आठला, काहींना संध्याकाळी सहाला. काट्यावर मोजून! आता भूक काय घड्याळ बघून लागती व्हय?

दर रविवारी कानाच्या शिरेतून रक्त काढायची. ससा गप बसायचा, चक्कर मला यायची...

आन् आमची मंडळी, मथुराबाई! तिचा नेमच हाय, पयला घास मुक्या जनावराला, मग आपल्याला. ते निम्म्या खुराकाचे ससे जाळीतून असे बघायचे, की ही पदराआड चतकोर घेऊन निघाली. "लेकरू शिकतंय म्हणून जीव उपाशी मारायचा व्हय?" मी तिच्यावर लई चिडलो. आन् खरं सांगू? त्यांना लसूणघासाची पेंढी मी रोज पहाटंच टाकून येत हुतो. भूक काय घड्याळ बघून लागती?

मग आला रिपोर्ट. सरांचा फोन, "शिवांजली, निम्म्या खुराकावरबी रक्त पोटभरवाल्यांसारखंच! हे वेगळंच निघालं, परिषदेत मांडायचं." पोरगी हरखली, आरशापुढं भाषण म्हणू लागली. उद्या शंभर शहाण्यांसमोर माझ्या लेकीचं हसं झालं तर? सांगून टाकलं. मंडळीनंबी मान खाली घालून चतकोर कबूल केला. पोरगी पिंजऱ्यापाशी बसून रडली. काळीज तुटलं हो माझं. मग डोळे पुसून म्हणली, "पुन्हा पयल्यापासनं. सहा आठवडे."

शेडाला कुलूप लागलं. आन् त्या रविवारी सशांचं रक्त काढून झाल्यावर तिनं माझाबी दंड धरला, रक्त दवाखान्यात तपासायला दिलं. निघाली साखर! आता मला दीड भाकर, संध्याकाळी सहाला, त्याच काट्यावर मोजून. मंडळीकडं आशेनं बघितलं, आता तरी पदराआड काही निघंल... ती म्हणली, "मुक्या जनावराची दया येती. तुम्हाला तोंड हाय की."

आता सहा वाजले, की जाळीपल्याड ससे कान टवकारून बसत्यात आन् जाळीअल्याड मी. भूक काय घड्याळ बघून लागती व्हय, म्हणत हुतो न्हवं?

...लागती. बरोबर सहाला लागती.