आकडा सांगा, मी वाजवतो

...आणि वर हा सौरभ, तेवीस वर्षांचा माझा गिटारचा मास्तर, मला म्हणतो, काका, डोळे मिटा! आता डोळे मिटले तर आकडे दिसणार कसे? टॅब म्हणजे तुम्हाला सांगतो, फार सोपं प्रकरण असतं हो. सहा तारांच्या सहा रेघा, रेघेवर आकडा, त्या तारेवर त्या नंबरच्या घरात बोट दाबायचं, टंग... झालं! वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मुलुंडच्या दोन खोल्यांत, मोबाइलवर नजर ठेवून अशी चाळीस गाणी वाजवली मी. सूर ओळखायचा? कशाला? आकडा सांगा, मी वाजवतो!

तर आईला एक्क्याऐंशी लागलं, घरात सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला, आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर बोलून बसलो की आई तांदूळ निवडताना तिच्या आईचं गाणं म्हणते ना, ते मी गिटारवर वाजवणार. मग मोबाइलवर टॅब शोधला... नाही! असणार कुठून? ते गाणं जगात एकाच बाईला येतं, आणि ती हल्ली दोन ओळींनंतर थांबते. दम लागतो. म्हणते, राहू दे, आता कोणाला हवंय. खरं सांगतो, तेव्हा कळलं... ही थांबली की गाणंच संपलं की हो!

मग बसलो तिच्याशेजारी. तिच्या मांडीवर तांदळाचं ताट, माझ्या मांडीवर गिटार. म्हटलं, आई, तू फक्त आकडा सांग, मी वाजवतो. तिने खडा काढून बाजूला टाकला.

"अनंता, गाणं आहे ते. पिनकोड नाही."

पण शिकवलं हो! इथे चढ, इतका नको, आता उतर, अरे किती उतरतोस... एका ओळीला आठ दिवस गेले! कुंदाने, म्हणजे आमच्या हिने, कानात कापूस घातला. पण सापडला सूर की मी लगेच वहीत आकडा लिहायचो. महिन्याभरात अख्ख्या गाण्याचा टॅब तयार! म्हटलं, आता कोण हरवतं?

कार्यक्रमाचा दिवस. ओवाळून झालं, वही उघडली, आईने सुरुवात केली आणि... वाट लागली! अहो, शिकवणी रोज सकाळी चहाआधी व्हायची, तेव्हा तिचा आवाज खाली. त्या दिवशी बाईसाहेबांचे तीन चहा झालेले! सूर पार वर! एक आकडा लागू पडेल तर शपथ. लोक बघतायत, आई गातेय, दोन ओळी झाल्या आणि तिला दम लागला. ती थांबली. माझ्याकडे बघायला लागली.

मग काय, मिटले डोळे. तिचा शेवटचा सूर कानात होता, त्याला धरून चाचपडत निघालो. एकदा चुकलो, मागे आलो, पुन्हा गेलो... आणि तिसरी ओळ वाजली हो! आकड्याशिवाय! डोळे उघडले तर आई बोटाने मांडीवर ठेका देत होती. मला रडू आलं, लपवत नाही.

आणि सगळं संपल्यावर भाचा आला, धवल. नुकतीच गिटार घेतलीय त्याने. म्हणतो, मामा, झकास! याचा टॅब पाठव ना.

आता काय सांगणार, कप्पाळ? पाठवला. सहा रेघा काढल्या, एकही आकडा घातला नाही, खाली लिहिलं: आजीकडे ये, तांदूळ निवडायला बस. चहाआधी.