यंदा गाड्या ढकलत न्यायच्या

नाही हो, तो बार यंदा नाही. — तुम्ही व्हिडिओ बघूनच आलात ना? सगळे तेच म्हणतात, गेल्या वर्षीचा तो आवाज, काय दणका होता! — बसा, त्या पेटीवर बसा, तेल नाही लागलेलं तिला. तुमची गाडी बघितली मी बाहेर. टाकीचा लष्करी हिरवा रंग झकास जमलाय, चामड्याच्या पिशव्याही अस्सल दिसतात. नोंदवून घेऊ. पण आधी नियम ऐका, मागाहून तोंड वाकडं नको. तेवीस जुन्या लष्करी मोटारसायकली, त्यात दोन साइडकारच्या, सकाळी आठ वाजता पोस्टाच्या चौकात. गाडी उभी केली की खाली पुठ्ठा — जुनी यंत्रं, तेल गळणारच, आणि स्मारकाच्या फरशीवर डाग पडला की पालिकेचा माणूस माझं डोकं खातो. आणि चौकापासून स्मारकापर्यंत इंजिन बंद. — हो, बंद म्हणजे बंद. पेट्रोलचा कॉक फिरवायचा, खाली उतरायचं आणि गाडी ढकलत न्यायची. चारशे पावलं आहेत, मी स्वतः मोजलीत. — हसा, हसा. आमच्या क्लबाचे अध्यक्षही हसले. म्हणाले, लोकांना वाटेल सगळ्यांचं पेट्रोल एकदमच संपलं!

कारण? कारण काय असणार — युद्धात गेलेल्यांची आठवण आहे, शांतता नको? एवढं पुरे की. — बिघाड? हो, गेल्या वर्षीचा बार कारब्युरेटर बिघडल्यामुळे झाला. सगळ्यांना तेच सांगितलंय मी. — असे बघू नका. तुम्ही स्वतः इंजिन उघडणारे, तुम्हाला काय बनवणार मी! कारब्युरेटर ठणठणीत होता. चालत्या गाडीचा स्विच बंद करायचा, रेस तशीच धरायची, दोन श्वास थांबायचं, परत चालू — सायलेन्सरात साठलेलं पेट्रोल धाडकन पेटतं. मुद्दाम केलं मी. कठड्यावर पोरं बसली होती ओळीने, ओरडत होती, काका, मोठा आवाज काढा, मोठा आवाज! आणि काकांनी काढला. बावन्न वर्षांचा घोडा मी.

आता ऐकताय तर ऐका. पहिल्या रांगेत माझे सासरे होते. म्हणजे हिचे वडील, इथेच वर राहतात, आमच्याकडे. शिंपी. या भागातल्या निम्म्या लोकांच्या लग्नाचे कोट त्यांनी बेतलेत. पण त्याआधी चार वर्षं लढाईवर होते, आणि त्या चार वर्षांबद्दल चार वाक्यं कधी बोलले नाहीत. मी विचारायचो — अहो, मला या गाड्यांचं वेड, मी खोदून खोदून विचारायचो, तुमच्या तुकडीत कुठली गाडी होती, निरोप्या कुठून यायचा — तर म्हणायचे, चिखल फार होता. बस्स. पण दर वर्षी कार्यक्रमाला येणार, स्वतः शिवलेला करडा कोट घालून, वेळेआधी.

तर बार झाला, आणि ते खुर्चीत नव्हते. खाली. फरशीवर पालथे. शेजारी कोणाची तरी मुलगी बसली होती, सहा-सात वर्षांची, ओळख ना पाळख — तिला ओढून पोटाशी घेतलेली, आणि दोन्ही हात तिच्या डोक्यावर. तिच्या हो. स्वतःचं डोकं उघडंच. — लोक हसले. लोकांना वाटलं म्हातारा खुर्चीवरून घसरला. मीही हसलो. हेल्मेटच्या आत, कोणाला दिसलं नाही, पण हसलो मी, चांगला खदखदून. मग तो करडा कोट ओळखला.

उठले ते. मुलीला म्हणाले, "बाळा, लागलं नाही ना तुला?" तिचा फ्रॉक झटकला. त्यांची पँट — पँट भिजली होती, पुढून. कार्यक्रमाचा छापील कागद होता, तो धरला समोर, आणि गेले घरी. एकटेच, पायी. — मी? मी गाडीवर. मी सगळ्यांत पुढे होतो ना, मी थांबलो असतो तर मागच्या सगळ्या — नाही. कोणी अडवलं नव्हतं मला. मीच पुढे गेलो.

आणि तो व्हिडिओ. क्लबातल्या एकाने काढून मला पाठवला, पण जगाला दाखवला मी. बार आहे, धूर आहे, पोरांच्या टाळ्या आहेत — आणि तिथेच संपतो, बरोबर? तिथे मी कापला. पुढचे अकरा सेकंद आहेत माझ्या फोनमध्ये. पुसवत नाहीत आणि बघवतही नाहीत.

संध्याकाळी गेलो ना वर. माफी मागायची म्हणून जिन्यात शब्द जुळवत गेलो. ते बेसिनपाशी उभे, पँट धूत होते. स्वतःच्या मुलीला, म्हणजे हिला, धुवायला द्यायची नव्हती. मला बघून नळ बंद केला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "जावईबापू, माफ करा. वर्षभर राबलात तुम्ही, आणि मी तुमचा कार्यक्रम बिघडवला." — मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "असू द्या बाबा, वयोमानाने होतं असं." माफ केलं मी त्यांना! खांद्यावर हात ठेवून माफ केलं आणि खाली येऊन जेवलो. ही म्हणाली, कारब्युरेटरच होता ना? म्हटलं, हो. तेव्हापासून घरात दार जरी आपटलं तरी ते दाराकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. ओशाळून हसतात.

तर हे असं आहे. — ढकलून काय होणार? काही नाही होणार, मला कळत नाही का ते! — त्यांना? त्यांना सांगितलं असतं, तर तुम्हाला, नावगाव माहीत नसलेल्या माणसाला, सांगत बसलो असतो का?

थांबा. जिना वाजतोय. — या, बाबा, या. हे गाडी नोंदवायला आलेत. — अं? पहिल्या रांगेतली एक खुर्ची कमी करू? कोणाची खुर्ची? — तुम्ही घरी का बसायचं? नाही, नाही, तुमच्यामुळे कसला व्यत्यय, असं काय बोलता — कार्यक्रम नीट पार पडावा म्हणून? बाबा, बसा. नाही, आत्ता वर जाऊ नका, इथे बसा माझ्यासमोर. — तुम्ही निघा हो आता. फॉर्म राहू द्या तिथेच, उद्या या. — बाबा, तो आवाज झाला ना गेल्या वर्षी, तो — अहो, अजून उभेच तुम्ही? जा म्हटलं ना. आणि दार हळू लावा.