विम्यातला नवरा

लॉरीन : ...आणि घराबरोबर नवराही देते. अठ्ठावन्न वर्षांचा आहे, गुडघे गेलेत, पण भांडी घासतो.

डेलिया : बाई, मी खरंच चौकशी करतेय. तुमच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी दिसली. खाली हाच नंबर होता.

लॉरीन : सकाळपासून सातवा फोन तुमचा. आधीचे सहाही खरंच चौकशी करत होते. एकाला तर कुत्र्यासाठी हवं होतं.

डेलिया : मला तीन मुली आहेत. कुत्रा नाही.

लॉरीन : बरं, विचारा. केक ओव्हनमध्ये आहे, तो होईपर्यंत मी मोकळी.

डेलिया : जेवणाच्या खोलीत किती माणसं बसतील?

लॉरीन : तुम्ही पाचजण ना? पाय पसरून बसाल.

डेलिया : नाही, म्हणजे... बावीस बसतील का? पोरं आहेत. जरा आडदांड.

लॉरीन : बावीस?

डेलिया : दर गुरुवारी. खाली बसली तरी चालेल त्यांना, फक्त वाढायला आत-बाहेर करता आलं पाहिजे. आणि मागच्या दाराने गाडीपर्यंत जाता येतं का? रस्त्यावरच्या कुणाला न दिसता?

लॉरीन : येतं. स्टेडियमचा गलका घरात ऐकू येतो का, हे पण विचारायचं असेल.

डेलिया : अय्या, हो! तुम्हाला कसं कळलं?

लॉरीन : तुमचे मिस्टर काय करतात?

डेलिया : ते... विम्यात आहेत.

लॉरीन : कसला विमा? माणसांचा की गाड्यांचा?

डेलिया : दोन्हीचा असेल.

लॉरीन : अगं पोरी, मीही विमाच सांगायचे. वायोमिंगला घर शोधताना विमा, आयोवात विमा. टेक्सासात एक म्हातारा पॉलिसी घ्यायला दारात येऊन बसला, तेव्हा कुठे सोडलं. बत्तीस वर्षांत नऊ गावं झाली माझी. मी लॉरीन ह्रुस्का.

डेलिया : ह्रुस्का... म्हणजे कोच ह्रुस्कांच्या...?

लॉरीन : त्यांचीच.

डेलिया : पण मग ती पाटी?

लॉरीन : गावाची भेट आहे ती. काल आमचा कॉलेजचा फुटबॉल संघ हंगामातला शेवटचा सामना हरला. शेजारच्या कॉलेजकडून, तेही घरच्या मैदानावर. असं झालं की इकडे कोचच्या अंगणात रातोरात पाट्या उगवतात. फोन नंबर डिरेक्टरीतून घेतात, मेले.

डेलिया : मी ठेवते फोन. डेलिया मूर्ख आहे, असं नवरा म्हणतो ते खोटं नाही. त्याने बजावलं होतं, मोटेलच्या बाहेर पाऊल टाकू नको, कुणाशी बोलू नको. आणि मी गावभर घरं बघत हिंडले आणि फोन केला तो तुम्हालाच.

लॉरीन : ठेवू नको. आणि रडू नको, नाक लाल दिसेल. आज फोटो काढतील तुझे.

डेलिया : नवा कोच म्हणून त्याचं नाव दोन वाजता जाहीर करणारेत. बाई, तुम्ही कुणाला बोललात तर सगळं फिसकटेल. दहा वर्षं तो दुसऱ्यांच्या हाताखाली राबलाय. पहिल्यांदा संघ त्याचा स्वतःचा होतोय.

लॉरीन : नाही बोलणार. दोनच्या आत तुझं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही. पण एक सांग मला. सही कधी झाली? काल, सामना संपल्यावर?

डेलिया : ते कशाला आता...

लॉरीन : सांग. पहाटे चारपर्यंत मी नवऱ्याजवळ बसून होते. तो एकच सामना मनात पुन्हा पुन्हा खेळत होता.

डेलिया : गुरुवारी.

लॉरीन : गुरुवारी. म्हणजे काल आम्ही मैदानात उतरलो, तेव्हाच सगळा कारभार आटोपला होता.

डेलिया : मला फार वाईट वाटतंय हो.

लॉरीन : मलाही वाटतंय, खोटं कशाला बोलू? या गावात मला म्हातारं व्हायचं होतं. पण तुझ्यावर राग नाही. आम्ही आलो तेव्हा आधीच्या कोचची बायको दुकानात मला बघून तोंड फिरवायची. मी तिला किती नावं ठेवली. बिचारीला घर आवरायला आठवडासुद्धा मिळाला नव्हता. पेन आहे का जवळ?

डेलिया : आहे.

लॉरीन : स्टेडियममध्ये कोचच्या घरच्यांसाठी खुर्च्या ठेवतात, तिथं बसायचं नाही. वर, बँडच्या मागे बस. शिव्या ऐकू येत नाहीत. मुलींनाही तिथंच ने. डॉक्टर फेंटनकडे दात दाखवायचे नाहीत. हत्यार तुझ्या तोंडात आणि संघ कसा खेळवावा हे त्याच्या तोंडात, असा तासभर चालतो. आणि संघातल्या त्या बावीस पोरांना बटाटे मोजून वाढू नको. पातेलंच समोर ठेव.

डेलिया : तुम्ही असं का करताय माझ्यासाठी?

लॉरीन : कुणीतरी करायला हवं होतं माझ्यासाठी. जा, तोंड धू. घराचं उद्या बोलू. आता खरंच विकायचंय, असं दिसतंय. नवरा मात्र देत नाही.

(लॉरीन फोन ठेवते. टायची गाठ मारत वेंडेल जिना उतरतो.)

वेंडेल : कितवा होता?

लॉरीन : सातवा. एवढा नटून कुठे निघालास?

वेंडेल : क्रीडाप्रमुखांनी अकराला बोलावलंय. सरळ सांगतो, चूक माझी. शेवटच्या मिनिटाला चेंडू लाथेने खांबांमधून मारून सोपे तीन गुण घेतले असते तर बरोबरी झाली असती. चेंडू हातात घेऊन रेषेपार न्यायचा आणि सहा गुण घ्यायचे, अशी मला हाव सुटली. आणखी एक वर्ष मागतो, लॉरीन. माझ्या हाताखाली नऊ मदतनीस कोच आहेत, त्यांची पोरं इथल्या शाळेत आहेत. हात जोडायला लागले तरी जोडेन.

लॉरीन : कुणाला हात जोडायचे नाहीत. कालच्या सामन्याबद्दल एक शब्दही काढायचा नाही.

वेंडेल : का?

लॉरीन : आत्ता फोन होता ना, एक नवी मुलगी होती. घर बघतेय. तिचं नाव सांगणार नाही, शब्द दिलाय.

वेंडेल : नवरा काय करतो तिचा?

लॉरीन : विम्यात आहे.

वेंडेल : हं.

लॉरीन : बस जरा. टाय सैल कर.

वेंडेल : कधी ठरलं?

लॉरीन : गुरुवारी.

वेंडेल : गुरुवारी? मग काल लाथ मारली असती तरी...

लॉरीन : तरी.

वेंडेल : जिंकलो असतो तरी?

लॉरीन : जिंकलो असतो तरी. आता तो सामना खेळणं थांबव. रात्रभरात तू सोळा वेळा हरलास.

वेंडेल : फोन दे इकडे.

लॉरीन : प्रमुखांना शिव्या देऊ नकोस. रविवार आहे.

वेंडेल : त्यांना कोण करतंय? ब्रायसनला करतो. शेवटचा चेंडू त्याच्या हातून निसटला ना. त्याची आई सांगत होती, कालपासून दार लावून बसलाय. कोचचं घर मी उठवलं म्हणतोय.

लॉरीन : दोनच्या आत काही बोलायचं नाही, वेंडेल. काय सांगणार त्याला?

वेंडेल : एवढंच, की दुपारी माझ्याबद्दल काही ऐकलंस, तर ते तुझ्यामुळे नव्हे. आणि आधी जेवून घे.