फक्त एक काना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती आमचे साहेब, साहेबांच्या अर्धांगिनी आणि आम्हा सगळ्यांच्या वहिनी, प्रयोगशाळेतले माझे सहकारी, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेल्या त्या दोघी, ज्यांनी चहाही नाकारला... सर्वांना माझा नमस्कार.

त्या दोघींचा परिचय शेवटी करून देईन. मघापासून साहेबांची नजर सारखी तिकडे जातेय, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

साहेबांबद्दल बोलायचा मान मला मिळाला, कारण बावीस वर्षं त्यांचा शब्द कागदावर उतरवायचं काम माझं. मी प्रमुख लिपिक, तुम्हा सगळ्यांचा 'भाऊ'. आधीच्या वक्त्यांनी साहेबांची शिस्त वर्णन केली, ती अजिबात खोटी नाही. नमुन्याच्या बाटलीवर लेबल तिरपं दिसलं, तर साहेब स्वतः सोलून सरळ लावायचे. "कागद बोलतो, माणूस नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. वहिनी हसताहेत, म्हणजे घरीही हेच ऐकावं लागत असणार! आणि सोमवारपासून साहेब वरच्या कार्यालयात तक्रार निवारण समितीचे अध्यक्ष होणार आहेत. म्हणजे यापुढे कुणी रडत कागद घेऊन आलं, तर तो पहिल्यांदा साहेबांच्या हाती पडणार.

टेबलावर ते गुंडाळलेलं मानपत्र आहे. मजकूर माझ्याकडे सोपवला होता. नाही, साहेब, अजून उघडू नका. दोरी मीच बांधली आहे, कधी सोडायची तेही मीच सांगेन.

तर, शिस्तीचीच एक आठवण. सात वर्षांपूर्वी आपल्याकडे एक तंत्रज्ञ होती. बारीक, सरळ आणि थेंबाचंही माप न चुकणारी, म्हणून नाव पडलं पिपेट. नव्या लोकांना माहीत नसेल. हजेरीपटावर ती 'श्री.' होती, पण तिच्या स्वतःच्या तोंडी मात्र 'मी आले, मी नमुने लावले, मी निघते.' पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून हसणं थांबलं आणि तिच्याशी बोलणंही.

एका दुपारी ती नमुन्यांच्या शीतखोलीत असताना बाहेरून कडी लागली. आत चार अंश तापमान. चाळीस मिनिटं. दाराबाहेर साहेब उभे होते. आवाज अगदी शांत, माझ्या टेबलापर्यंत स्वच्छ ऐकू येणारा. "आधी ठरव, आत तो आहे की ती. मग कडी काढू." माझं टेबल त्या दारापासून आठ पावलांवर. नंतर कितीदा तरी मोजली आहेत मी ती.

दुसऱ्या दिवशी तिने हाताने लिहिलेली दोन पानं माझ्यासमोर ठेवली. "भाऊ, शिक्का मारा आणि पोच द्या." त्यात तिचे शब्द होते: मी आत गेले. मी हाका मारत राहिले. मी घाबरले. असा सगळा मजकूर. साहेबांनी तो वाचला आणि पानं माझ्याकडे सरकवली. "कागदोपत्री पुरुष आहे ना? मग पुरुषासारखं बोलू दे. व्याकरण तेवढं सुधारा, भाऊ, मग मारा शिक्का."

'ले'चं 'लो' करायला काय लागतं हो? फक्त एक काना. एक उभी रेघ. गेलेचं गेलो, घाबरलेचं घाबरलो. तिची शाई निळी, माझी काळी. अकरा काने दिले मी. एकदाही पेन खाली ठेवलं नाही, याची आज लाज वाटते.

चौकशी समितीने तिला ती पानं दाखवली. त्या काळ्या रेघांवर बोट ठेवून ती म्हणाली, "हे माझं नाही." खरं तेच बोलली बिचारी. इतिवृत्तात नोंद झाली: 'तक्रारदाराने जबाब आपला नसल्याचे मान्य केले, सबब प्रकरण निकाली काढण्यात आले.' त्याच महिन्यात तिने नोकरी सोडली. जाताना माझ्या टेबलापाशी थांबली. "भाऊ, निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

मलाच का? तिखट कानाचे लोक असतील, त्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. एवढ्या भाषणात माझ्या स्वतःबद्दल 'आलो' नाही, आणि 'आले'ही नाही. मी केलं, मी दिलं, मला वाटलं. क्रियापद दुसरीकडे बघतं, माझ्याकडे बघतच नाही. शाळेत याला कर्मणी, भावे असलं काहीतरी म्हणायचे. त्यात अख्खं आयुष्य काढता येतं, कुणाला संशय येत नाही. घरी फक्त माझी ताई मला 'अगं' म्हणायची. शेजाऱ्यांना वाटायचं, तिची जीभ घसरते. आणि ऑफिसात तर या कर्मणीशिवाय पान हलत नाही. निर्णय घेण्यात आला. कडी लावण्यात आली. तिच्या तक्रारीची फाइल नष्ट करण्यात आली. कुणी केली? विचारायची सोयच नाही. मला लपायला आणि साहेबांना सुटायला एकच आडोसा पुरला. 'भाऊ'ची खुर्ची जाईल या भीतीने तिच्यावर त्याच रेघा ओढल्या मी, ज्या स्वतःवर रोज ओढायची सवय होती.

बसा, साहेब. दार उघडंच आहे, कुणी कडी लावलेली नाही.

ती फाइल नष्ट झालीच नाही, सात वर्षं माझ्या कपाटात होती. शेवटच्या रांगेत डावीकडे बसल्या आहेत त्या चौकशी अधिकारी. मूळ पानं काल त्यांच्या हाती दिली. उजवीकडची तुमच्या ओळखीची आहे. सात वर्षांत केस पिकलेत, पण बसते अजून तशीच ताठ.

आता सोडा दोरी. मानपत्रात तुमच्या गौरवाचा एक शब्द नाही. त्या दोन पानांची प्रत आहे, अकरा काळ्या रेघांसकट. कागद बोलतो, साहेब. त्याखाली माझा जबाब आणि माझी सही. नोकरी जाईल, कदाचित कोठडीही बघावी लागेल, याची कल्पना आहे. जबाबात तीनच वाक्यं आहेत, आणि ती मोठ्याने वाचायला मला चोपन्न वर्षं लागली.

मी आठ पावलांवर होते. मी उठले नाही. मी घाबरले.

अध्यक्ष महोदयांनी मला मध्येच थांबवलं नाही आणि माईकवाल्यांनी माईक बंद केला नाही, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही चुकलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. पण या वेळी, कृपा करून, कुणी दुरुस्त करू नका.