घड्याळवाल्याच्या टाकीतलं फूल

मत्स्यालयाच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी मोबाइलमधला फोटो दुकानदारापुढे धरला.

“हे काचेसारखं मेलं काय उगवलंय? धाकट्या भावाची टाकी आहे.”

“फुलं दिसतात ताई, पण जीव आहेत. खडकाला चिकटून येतात. शेजारच्या प्रवाळांना डंख मारतात.”

“आधी एकच होतं. मी सुरीनं खरवडून काढलं.”

“तिथंच घात झाला. उरलेल्या तुकड्यातुकड्यातून नवं उगवतं. भावानं सांगितलं नाही?”

“तो गेला हो, गेल्या महिन्यात. म्हटलं, त्याची टाकी तरी नीट ठेवावी.”

“अरेरे! म्हणजे ते घड्याळं दुरुस्त करायचे, तेच का?”

“तोच.”

“त्यांनीही मला असाच फोटो दाखवला होता, तेव्हा एकच होतं. मी बजावलं होतं, वाढायच्या आत मारा. औषधही दिलं होतं.”

“निळ्या झाकणाची बाटली?”

“हो, तीच. दुसरी देऊ?”

“नको, घरी आहे. टाकीखालच्या कप्प्यात.”

“मग आजच घाला.”

“कशी घालू? तुम्ही बजावूनही त्यानं तिचं सीलसुद्धा फोडलेलं नाही.”